डावीकडचा जोड

कारखान्यात त्याला सगळे टिंब्या म्हणायचे. पत्र्याचे डबे करणारा कारखाना, तिथं तो एकतीस वर्षं एकाच प्रेसवर उभा होता. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे पत्ते कुटायचे आणि हा बाकाच्या कडेवर बोटानं मोर्सच्या लिपीतली टिंब-रेघ, टिंब-रेघ वाजवत बसायचा. कुणी विचारलं, "काय रे, कुणाला निरोप?" की म्हणायचा, "तुझ्या सासूला. म्हणतेय, जावयाला तिकडंच ठेवून घ्या."

थट्टा बाजूला ठेवली तर निरोप खरेच जायचे, पण घरून. घराची गॅलरी त्यानं काचा लावून बंद केली होती. तीन फूट रुंद, सात फूट लांब. आत एक फळी, फळीवर दोन रेडिओ सेट, आणि दोन्हींच्या मधे साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत त्यानं स्वतः बसवलेला स्विच. समोर जगाचा नकाशा. नकाशाशेजारी फ्रेम केलेले दोन कागद. एक होता रेडिओच्या स्पर्धेत आपल्या विभागात तिसरा आल्याचा. दुसऱ्याचं पुढं सांगतो.

ही स्पर्धा वर्षातून दोनदा, शनिवारी दुपारी सुरू झाली की रविवारी दुपारी संपायची. जगभरचे हौशी रेडिओवाले त्या चोवीस तासांत एकमेकांना हुडकत बसतात. समोरच्याचं ओळखचिन्ह ऐकायचं, आपला नंबर द्यायचा, त्याचा घ्यायचा, उतरवायचा, पुढचा. हालहवाल विचारायची नाही. जितकी माणसं तितके गुण, आणि नवा देश सापडला की गुण एकदम फुगतात. बक्षीस म्हणजे कागद. बायको म्हणायची, "एवढी मरमर आणि हातात काय, तर कागद. तोही आपणच छापून घ्यायचा."

पण त्याची खरी ऐट कागदाची नव्हतीच. ऐट होती कानांची. साधा माणूस एका सेटवर बसतो. हा दोन्ही एकदम चालवायचा. हेडफोनच्या उजव्या वाटीत उजवा सेट, डाव्या वाटीत डावा. उजवीकडं आपण हाका मारायच्या आणि येईल त्याला घ्यायचं. त्याच वेळी डावीकडं पट्टीवरून सरकत नवा कोण आहे ते हुडकायचं. दोन कानांत दोन वेगळ्या दुनिया, आणि हात एकच. लोकांना ती जादू वाटायची. तो म्हणायचा, "जादू कसली? बाई बाजारात एका कानानं भाव ऐकते आणि दुसऱ्या कानानं पोर कुठं रडतंय ते. फक्त तिला कुणी फ्रेम करून देत नाही."

एकच सेट होता तेव्हाही त्यानं आवाज दोन कानांत वाटून घेतला होता. खालच्या सुराचे डावीकडं, वरच्या सुराचे उजवीकडं, मधले मधे. सात-आठ जण एकदम हाक मारायला लागले की एरवी नुसता गलका होतो. याला ते खुर्च्या टाकून ओळीनं बसल्यासारखे ऐकू यायचे. "तिसऱ्या खुर्चीवरचा बोल," असं स्वतःशीच म्हणायचा आणि नेमका त्यालाच उचलायचा. स्विच मधे ठेवला आणि एकच आवाज दोन्ही कानांत सारखा सोडला, की तो आवाज कपाळाच्या मधोमध येऊन बसतो. तिथं बोट टेकवून तो मेहुण्याला सांगायचा, "इथं. बरोबर इथं. गवंडी ओळंबा सोडतो ना, तसा."

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. उंच इमारतींवर जाहिरातीच्या पाट्या चढवायचं काम करायचा. दहाव्या मजल्याच्या कठड्यावर बसून विडी ओढणारा माणूस. दाजींच्या गच्चीवर दोन्ही खांब त्यानंच एकट्यानं उभे केले होते, डाव्या सेटचा चाळीस फुटी आणि उजव्याचा जरा बुटका. पाइपही त्यानंच आणले. स्पर्धेच्या आदल्या दिवशी वर चढून एकेक जोड तपासायचा, उतरून यायचा आणि म्हणायचा, "दाजी, आता तुमच्या कानात वारासुद्धा शिरायचा नाही." मग रविवारी दुपारी येऊन मागच्या स्टुलावर बसायचा, आकडा किती झाला ते बघायचा. टिंब-रेघेतलं त्याला ओ का ठो कळत नव्हतं. अकरा वर्षं बसला. तो तिसऱ्या नंबरचा कागद आला त्या दिवशी रस्त्यातल्या भंगारवाल्यालासुद्धा थांबवून त्यानं दाखवला होता.

मग डावी बाजू बारीक व्हायला लागली.

पहिल्या वर्षी त्यानं डाव्या सेटचं आवाजाचं बटण थोडं पुढं सरकवलं. दुसऱ्या वर्षी आणखी. आवाज वाढला की खरखरही वाढायची आणि तिच्या आत जे बारीक सूर असतात, तेच नेमके हाती लागायचे नाहीत. डावीकडून येणारे नवे देश आटले. तिसऱ्या नंबरचा माणूस चौदावा झाला, मग एकतिसावा. कपाळावरचा ओळंबाही उजवीकडं कलला, पण तो त्यानं बटण फिरवून सरळ करून घेतला.

त्यानं शोध घेतला, घेतला नाही असं नाही. खांबांच्या तारा होत्या तिथंच ठेवून डावा सेट उजवीकडं आणि उजवा डावीकडं लावून बघितला. सेट कुठलाही असो, डावीकडचा बारीकच. म्हणजे सेट चांगले. हेडफोन नवा घेतला. स्विच उघडून नवा केला. हाताला लागेल ते बदललं. एकच गोष्ट बदलून बघितली नाही, आणि ती कुठल्या दुकानात मिळतही नाही. राहिलं काय? गच्चीवरचा खांब आणि खांबावरचा जोड.

"वरचा जोड सैल आहे," तो मेहुण्याला म्हणाला.

मेहुणा चढला. जोड उघडला, घासला, परत बसवला. महिन्यानं परत चढला. तिसऱ्यांदा चढला तेव्हा सगळी केबलच बदलली. खाली येऊन हात पुसत म्हणाला, "दाजी, रागावू नका. एकदा कान दाखवून घ्या."

झालं. टिंब्या ताडकन उठला आणि भिंतीवरचा तो दुसरा कागद काढून त्याच्या तोंडासमोर धरला. कारखान्याच्या दवाखान्याचा कागद. दोन्ही कान, शेरा: उत्तम.

या कागदाची गोष्ट अशी. कारखान्यात दरवर्षी कान तपासायचे. काचेच्या खोलीत बसवून कानावर हेडफोन, हातात बटण. आतून सूर वाजला की बटण दाबायचं. काचेपलीकडं नर्स. बाकीचे कामगार घाबरत, कारण कान गेला की प्रेसवरून काढून गोदामात झाडू मारायला पाठवायचे. टिंब्याला ही परीक्षा म्हणजे पोरखेळ. टिंब-रेघेच्या ठेक्यात मुरलेला माणूस. दुसऱ्याच वर्षी त्यानं ओळखलं, की यंत्र सूर सोडतं ते ठरलेल्या चालीनं, तीनदा एकसारखं, मग थांबा, मग हळू तीनदा. आणि प्रत्येक सुराआधी नर्सचं कोपर एवढंसं हलतं. त्याचा अंगठा त्या चालीवर आपोआप पडायचा. सूर ऐकू आला की नाही याची वाट कोण बघतो? यात लबाडी आहे असंही त्याच्या मनात कधी आलं नाही. आपल्याला सगळं ऐकू येतंय, असंच त्याला वाटायचं. आणि प्रेस त्याच्या डाव्या हाताला होती. एकतीस वर्षं, मिनिटाला चाळीस ठोके, डाव्या हाताला.

"हे दवाखान्याच्या शिक्क्याचं आहे," तो मेहुण्याला म्हणाला. "तुझ्या हातांबद्दल आहे का असा कागद?"

मेहुणा हसला आणि पाना उचलून निघाला. खरं तर तिथंच मिटायचं. पण पुढच्याच आठवड्यात तो आपल्या ठेकेदाराला घेऊन गच्चीवर आला. मुकादमाची जागा रिकामी होत होती, आणि ठेकेदार म्हणाला होता, तू एकट्यानं चाळीस फुटी खांब उभा केलास म्हणतोस, दाखव बघू. मेहुण्यानं धुतलेला शर्ट घातला होता. ठेकेदार मान वर करून खांब बघत होता, तारांचे ताण हातानं ओढून बघत होता, आणि "बरा आहे, बरा आहे" म्हणत होता. तेवढ्यात टिंब्या जिना चढून वर आला.

"काय हो, तुम्हाला कसा वाटतो खांब?" ठेकेदारानं सहज विचारलं.

एक चांगला शब्द बोलायचा होता. पण आदल्या स्पर्धेचा निकाल सकाळीच आला होता आणि तो बावन्नावा होता.

"खांब उभा आहे हो," टिंब्या म्हणाला, "वरचा जोड कुठं धड आहे? तीनदा चढला तरी साहेबांना एक जोड नीट करता येईना. याच्या हातच्या पाट्या कुणाच्या डोक्यात पडल्या नाहीत, हे लोकांचं नशीब."

मेहुण्यानं दाजींकडं बघितलं. मग ठेकेदाराकडं. ठेकेदार तारेवरचा हात काढून रुमालाला पुसत होता. मुकादमाची जागा दुसऱ्याला गेली.

त्यानंतर मेहुणा त्या घरात आला नाही. भांडला नाही, फोनवर शिवीगाळ केली नाही. बहिणीचा फोन उचलायचा, "बरी आहेस ना?" विचारायचा आणि ठेवायचा. आईबाप केव्हाच गेलेले. बाईचं माहेर म्हणजे तो एक भाऊ. पहिले काही महिने ती नवऱ्याला म्हणाली, "एकदा बोला त्याच्याशी." तो म्हणायचा, "जोड नीट करून दे म्हणावं, मग बोलतो." मग तिनंही सोडून दिलं.

मग पुढची स्पर्धा आली, त्याच वर्षी. शनिवारची दुपार धड गेली, पण रविवारी सकाळपर्यंत डावी बाजू जवळजवळ मुकी. तो उजवीकडंच कुथत होता. दहाच्या सुमाराला हेडफोन फळीवर टाकून तो आंघोळीला गेला. बायको चहाचे कप उचलायला गॅलरीत आली, फळीवर सांडलेला चहा तिनं ओल्या फडक्यानं पुसला, हेडफोन उचलून पुसला आणि खुंटीला अडकवला. डाव्या वाटीवर त्यानं लाल चिकटपट्टी लावलेली होती, डावं-उजवं चटकन कळावं म्हणून. ती फडक्याबरोबर निघून गेली. फडकं मोरीत, चिकटपट्टी मोरीत.

तो आला, घाईघाईत हेडफोन चढवला आणि ओरडलाच. कानाचा पडदा फाटेल असा आवाज. डावं बटण चाचपडून निम्म्याच्या खाली आणलं. आणि मग ऐकू आलं. डावा सेट बोलत होता! नुसता बोलत नव्हता, गर्दी होती तिथं. बारीक, खोल, लांबचे सूर, एकेक सुई टोचावी तसा सुटा. पहिल्या पाच मिनिटांत दोन नवे देश. अर्ध्या तासात सात. त्याचे डोळे भरून आले. सैल जोड असाच असतो, वाऱ्यानं हलतो आणि कधी आपोआप लागतो.

"अगं ए! इकडं ये!" तो ओरडला. "बघ! लागला जोड! मी म्हणत होतो की नाही सैल आहे? तुझ्या भावाच्या हातची करामत! तीन वर्षं माझी घालवली त्यानं!"

ती दारात उभी होती. कणीक लागलेले हात तसेच. आत गेली.

त्यानंतर आणखी दहाएक मिनिटं गेली असतील. डावीकडं धो धो मिळत होतं म्हणून त्याचं उजवीकडं लक्षच नव्हतं. मग जाणवलं, की उजवा सेट गप्प झालाय. बटण वाढवलं. खरखर. आणखी वाढवलं. तीच खरखर, ओळखीची, गेली तीन वर्षं डावीकडं ऐकलेली. आता उजव्याचाही जोड गेला? त्याचा हात सवयीनं वाटीवर गेला, चिकटपट्टी चाचपायला. एका वाटीवर नव्हती. दुसऱ्या वाटीवरही नव्हती.

त्यानं हेडफोन काढला. वायर निघते ती वाटी डावी. ती उजव्या कानावर होती.

हेडफोन सुलटा घातला. डावा सेट मेला, उजवा जिवंत. उलटा घातला. डावा जिवंत, उजवा मेला. परत सुलटा. परत उलटा. स्विच फिरवून दोन्ही सेट एकट्या डाव्या कानात सोडले. लांब कुठंतरी पाणी उकळत असल्यासारखं वाटलं, दुसरं काही नाही. कपाळाच्या मधोमध बोट ठेवलं. तिथं कुणी नव्हतं.

समोर दोन्ही सेटवर माणसं त्याला हाका मारत होती. त्यानं उत्तर दिलं नाही. हेडफोन गळ्यात तसाच ठेवून तो स्वयंपाकघरात गेला.

"मला डाव्या कानानं ऐकू येत नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली. पाठ त्याच्याकडंच होती.

"कधीपासून?"

"जेवताना मी कुठं बसते?"

त्यानं टेबलाकडं बघितलं. तिची खुर्ची उजवीकडं होती. पूर्वी ती डावीकडं बसायची, खिडकीपाशी. वारा लागतो म्हणून हट्टानं बसायची.

"दोन वर्षं होतील," ती म्हणाली. "त्या बाजूनं काही विचारलं की तुम्ही घास चावत राहायचा. मला वाटलं, मुद्दाम. मग कळलं. मग जागा बदलली."

"सांगायचं नाही?"

"सांगितलं की." तिनं हात धुतले. "डावीकडून सांगितलं असेल."

तो खाली बसला. आता ती वळून बघायला लागली. नवरा असा बसतो म्हणजे नुसत्या कानाचं नाही, हे तिला उमगलं. "पण याचा आणि त्या रेडिओचा काय संबंध?"

त्यानं सांगितलं. डावा सेट म्हणजे डावा कान. इतकी वर्षं तिनं ते डबडं रोज पुसलं होतं, आणि हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगून होईपर्यंत तिचा चेहरा बदलत गेला.

"म्हणजे माझ्या भावाचा जोड..."

"चांगला होता."

"सगळे दिवस?"

"सगळे दिवस."

तिनं फोन उचलला, नंबर लावला आणि त्याच्या हातात दिला. "उजव्या कानाला लावा," म्हणाली.

मेहुण्यानं उचलला. "बोल ताई."

"मी आहे." टिंब्या म्हणाला. "तो जोड... चांगला होता."

"मला माहीत आहे, दाजी. मी तीनदा उघडून बघितला होता."

"कान गेलाय माझा. डावा."

"हं."

"चुकलं माझं."

पलीकडं कुठंतरी हातोडीचे ठोके पडत होते. रविवारीही काम. "मला कशाला सांगता?" मेहुणा म्हणाला. "ज्याच्यासमोर बोललात, त्याला सांगा." आणि फोन ठेवला.

सोमवारी टिंब्या अर्धी सुट्टी टाकून ठेकेदाराच्या गोदामात गेला. ठेकेदार रंगाच्या डब्यांच्या मधे स्टुलावर बसून नखं कापत होता. टिंब्यानं उभ्यानं सगळं सांगितलं. कान, जोड, कागद, नर्सचं कोपरसुद्धा. लाजेनं नव्हे, एकदाचं संपावं म्हणून. ठेकेदारानं ऐकून घेतलं आणि हसायला लागला.

"अहो, तुमच्या एका वाक्यावर मी माणूस ठरवतो होय? मुकादमकी माझ्या साडूच्या पोराला द्यायची, हे आधीच ठरलं होतं. तुमच्या मेहुण्याला काय सांगावं, हा पेच होता. तुम्ही वर आलात आणि सोडवलात." त्यानं नखं झटकली. "फार बरं झालं तेव्हा."

घरी येऊन हे बायकोला सांगावं की नाही, ते त्याला ठरवता आलं नाही. सांगितलं तर आपण सुटतो, असं त्याला वाटलं. सांगितलं, तेव्हा तिला तसं वाटलेलं दिसलं नाही. "त्या ठेकेदाराच्या मनात होतं म्हणून काय झालं?" ती म्हणाली. "बोलला कोण?"

पुढच्या महिन्यात कारखान्यात कान तपासले. काचेच्या खोलीत त्यानं डोळे मिटून घेतले आणि ऐकू येईल तेवढ्यालाच बटण दाबलं. नर्सला वाटलं यंत्र बिघडलंय; तिनं दोनदा तपासलं. आता तो कारखान्याच्या गोदामात असतो. तिथं फार आवाज नाही, आणि टिंब्या म्हणून हाक मारणारंही कुणी नाही.

मेहुणा एकदाच आला. आदल्या दिवशी बहिणीला फोन करून, "माझे पाइप आहेत, काढून नेतो," एवढंच म्हणाला होता. सकाळी नऊला दोर खांद्यावर टाकून सरळ गच्चीवर गेला. टिंब्या आणि बायको वर आले तेव्हा तो डाव्या खांबाच्या टोकाशी होता. वरचा जोड सोडवायला त्याला बराच वेळ लागला. इतका घट्ट होता, की पान्याला लोंबकळावं लागलं. खांब उतरवला, पाइप सुटे केले, दोराच्या वेटोळ्यात बांधले. चहा घेणार का विचारलं तर मान हलवली. उजवा खांब तसाच ठेवला.

गठ्ठा खांद्यावर घेऊन जिन्याकडं जाताना तो टिंब्याच्या डाव्या बाजूनं गेला. जाता जाता थांबला, ओठ हलले. दोन-तीन वाक्यं असावीत. टिंब्या मान वळवेपर्यंत त्याची पाठ जिन्यात उतरत होती.

"काय म्हणाला?" त्यानं बायकोला विचारलं.

तिनं ऐकलं होतं; तिच्या तोंडावरून कळत होतं. ती कठड्यापाशी गेली आणि भाऊ खाली रस्त्यावर दिसेपर्यंत, मग कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघत राहिली.

"अगं, काय म्हणाला?"

"तुम्हाला म्हणाला, मला नव्हे," ती म्हणाली, आणि वाळत घातलेले कपडे काढायला लागली.